सतरा नंबरचा फॉर्म

“परत सांगा, सर. मला लाज नाही.”

एका दुपारच्या सुट्टीत हे वाक्य त्या चार-पाच वेळा तरी म्हणायच्या. म्हणताना उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरत असायचं. मी नुकतंच सांगितलेलं गणित त्या तिथे लिहून बघायच्या. अडलं की बोट थांबायचं, मान वर व्हायची आणि हे वाक्य यायचं. आवाजात ओशाळलेपण नसे, हट्टही नसे. जेवताना कुणी अजून थोडा भात वाढा म्हणावं, तितकं साधं.

आपल्यापैकी बहुतेकांना न समजलेलं समजलं म्हणून मान डोलवायची सवय असते. तुम्हीही आठवून बघा, शाळेच्या बाकापासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत किती वेळा तशी मान डोलावली ते. मी त्यात तरबेज होतो. त्यामुळे चाळिशीला टेकलेली, पॅकिंगचा निळा एप्रन घातलेली एक बाई माझ्यासारख्या चोवीस वर्षांच्या मुलाला असं सरळ विचारते, याचं मला आधी हसू यायचं. नंतर ते हसू गेलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांची एक छोटी कंपनी होती. ऐंशीचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. राहायला बदलापुरात, हेंद्रेपाड्यात. पॅकिंगमध्ये पंधरा-वीस बायका होत्या. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप्स यायच्या. त्या दहा-दहा उचलायच्या, खोक्यात भरायच्या, आत माहितीचा कागद सरकवायचा आणि खोकं बंद करायचं. आठ तास, उभ्यानं. त्यांच्या आणि आमच्या लॅबच्या मध्ये एक काच होती. काचेच्या अलीकडे आम्ही बसून लिहायचो, पलीकडे त्या उभ्या राहून भरायच्या.

एक दिवस सुट्टीत त्या लॅबच्या दाराशी आल्या. चपला बाहेर काढून ठेवल्या.

“साहेब, तुम्ही बीएस्सी ना? म्हणजे गणित येत असेल.”

“येतं थोडंफार.”

“दहावीचं शिकवाल का मला?”

आणि त्यांनी डब्याच्या पिशवीतून पाटी काढली. लाकडी चौकटीची, लहान मुलांची असते तशी दगडी पाटी.

त्यांची गोष्ट मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळली. माहेर नगर जिल्ह्यात. सातवीला वर्गात पहिल्या आल्या, आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन अंबरनाथला आल्या. नवरा एका कारखान्यात लेथवर होता. एक मुलगी. ती दहावी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, आणि त्याच वर्षी यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर हा फॉर्म भरावा लागतो. माझ्याकडे आल्या तोवर त्या चार वेळा बसल्या होत्या. दर खेपेला एखादा-दुसरा विषय सुटत गेला होता. मराठी, इतिहास, विज्ञान, शेवटी इंग्रजीसुद्धा. गणित तेवढं मागे राहिलं होतं.

त्या परीक्षांच्या गमती त्या स्वतःच सांगायच्या. केंद्र उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका शाळेत. पहिल्या खेपेला नवी साडी नेसून वर्गात शिरल्या, तर सगळी पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅडम.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“म्हटलं, बसा रे बसा, मी पण तुमच्यातलीच. तर एक पोरगी मला विचारते, मॅडम, पेपर सोपा आहे का?”

मी त्यांना एकदा विचारलं, “ताई, दहावी कशाला हवी आहे?” माझ्या डोक्यात उभं राहून दुखणारे त्यांचे गुडघे होते. त्यांनी आमच्या टेबलावरच्या रजिस्टरकडे बघितलं.

“तुम्ही त्यात लिहिता, मग मोठे साहेब येऊन ते उघडतात, वाचतात, खाली सही करतात. होय ना? तसं काम पाहिजे मला. मी काहीतरी लिहीन आणि दुसरं कुणीतरी ते उघडून वाचेल.”

गणितात त्या अडत होत्या त्या ‘क्ष’पाशी. “मानू की क्ष बरोबर...” असं मी म्हटलं की बोट थांबायचं.

“मानू म्हणजे? खरं नाही?”

“खरं काय ते अजून माहीत नाही. म्हणून तात्पुरतं मानायचं.”

“खोटं मानून खरं कसं निघेल, साहेब?”

या प्रश्नाला बीएस्सीत उत्तर नव्हतं. आठ-दहा दिवस आम्ही तिथेच अडकलो. मग एक दिवस मी त्यांच्या पट्ट्यावर न येणाऱ्या मालाचं एक बंद खोकं आणून टेबलावर ठेवलं. म्हटलं, “ताई, यात किती स्ट्रिप्स आहेत?”

“बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“उघडायचं नाही. अशी तीन खोकी आणि वर पाच सुट्या स्ट्रिप्स मिळून पस्तीस होतात. आता सांगा.”

त्या खोक्याकडे बघत राहिल्या. तळहातावर बोट फिरलं. “दहा.” मग एकदम हसल्या, पदर तोंडाला लावून. “एवढंच होय? क्ष म्हणजे बंद खोकं. मग असं सांगायचं ना आधी.”

त्या दिवसापासून त्या मला साहेब म्हणायच्या थांबल्या आणि सर म्हणायला लागल्या. पॅकिंगच्या बायका सुट्टीत काचेला नाक लावून बघायच्या आणि बालवाडी कधी सुटणार म्हणून विचारायच्या. यांच्यावर काही परिणाम नसे. पाटी पुसायच्या आणि पुढचं गणित मांडायच्या.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो आणि त्याखाली यांची पुस्तकं एका ओळीत. नवरा आतल्या खोलीत भाकरी थापत होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक माझ्याकडे. हिला नापास व्हायची सवय झालीय, साहेब. मला काही सवय होत नाही. निकाल आला की ही जेवते आणि मी उपाशी झोपतो.”

परीक्षेला तोच त्यांना सायकलवर मागे बसवून उल्हासनगरला न्यायचा. पेपर संपेपर्यंत शाळेच्या भिंतीला टेकून बसायचा आणि परत आणायचा.

माझ्याकडे शिकायला लागल्यावर पहिल्या खेपेला त्या अकरा गुणांनी राहिल्या. दुसऱ्या खेपेला सहा. मला वाटलं, आता कंटाळतील. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पाटी टेबलावर. “सहाच राहिले, सर. सहा म्हणजे दोन गणितं.”

तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, पेपर देऊन आल्या तेव्हा मात्र चेहरा उतरला होता. “भूमितीचं एक प्रमेय अर्ध्यावर सोडलं. बीजगणितात दोन चुकली. अवघड आहे.”

आता सांगतो ते सांगायला मी अनेक वर्षं टाळाटाळ केली आहे.

त्याच महिन्यात आमच्या लॅबमधल्या मदतनिसानं नोकरी सोडली. नमुन्यांना चिठ्ठ्या लावायच्या, काचेची भांडी धुऊन मांडायची, आणि रोजची तापमानं, वजनं रजिस्टरमध्ये लिहायची, असं ते काम. अट होती दहावी पास. पर्सोनेल ऑफिसरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“ती पॅकिंगची बाई एसएससीला बसलीय म्हणे. तूच शिकवतोस ना? निघेल का?”

“कठीण वाटतं, साहेब.”

“निकालापर्यंत थांबू या का? दोन-अडीच महिने ओढता येतील मला. बाई कामाला चांगली आहे.”

मी म्हणालो, “थांबून उपयोग होईल असं वाटत नाही.”

बस, एवढंच. मला वाटत होतं तेच मी बोललो, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. माझ्या मनात हेही होतं की बारावी झालेलं, झटपट शिकणारं कुणी आलं तर आपलं काम हलकं होईल. आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. सुट्टीत अर्धा तास शिकवताना मला आपण फार चांगले आहोत असं वाटायचं. त्याच ताई आठ तास शेजारच्या टेबलावर बसणार, माझ्यासारख्याच रजिस्टरमध्ये लिहिणार, हे मला मनातून नको होतं. का नको होतं, ते मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

पंधरा दिवसांत बारावी झालेली एक मुलगी त्या जागेवर आली. डिसेंबरच्या शेवटी निकाल लागला. ताई पास झाल्या होत्या. काठावर, पण पास.

दुसऱ्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या. पॅकिंगमध्ये वाटायच्या आधी लॅबमध्ये आल्या, पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी मागे सरकायच्या आत वाकून नमस्कार केला. नवी मुलगी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होती. ताईंनी तिलाही पेढा दिला.

“सर, आता अकरावी. उद्यापासून बसायचं ना?”

“थोडे दिवस जाऊ द्या, ताई. ऑडिट आहे.”

ऑडिट खरंच होतं. ते आठ दिवसांत संपलं. मग मी म्हणालो, नवीन यंत्र येतंय. मग म्हणालो, तब्येत बरी नाही. मग मी जेवणाची वेळच बदलून घेतली, त्या पट्ट्यावर उभ्या असतील तेव्हा जेवायला लागलो. काचेतून दिसायचं, सुट्टी झाली की त्या डब्याची पिशवी घेऊन लॅबच्या दाराकडे बघायच्या. महिनाभर बघितलं असेल. मग बघायच्या थांबल्या. समोर आल्या की हसायच्या, “बरं आहे ना, सर?” म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

दोन वर्षांनी मला तळोज्याला चांगली नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी पॅकिंगमध्ये जाऊन सगळ्यांना भेटलो. त्यांनाही भेटलो. बाकीच्यांशी बोललो तेच त्यांच्याशी बोललो.

मध्ये सात-आठ वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिच्या शाळेच्या वह्या घ्यायला मी एका रविवारी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये गेलो होतो. तिथल्या एका सिंधी दुकानदाराकडे वह्या चांगल्या मिळायच्या. मी पोचलो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून कुणाला तरी हाक मारत होता, “टीचरबाई, खडू का डब्बा तो यहीं रह गया.”

वळून परत आल्या त्या ताई होत्या. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मला बघून दोन क्षण डोळे बारीक केले, मग म्हणाल्या, “सर?”

“टीचरबाई झालात, ताई.”

“टीचर कसली. वस्तीतल्या बायकांना सतरा नंबरला बसवते. रविवारी विहारात जमतो आम्ही. आठ-दहा जणी येतात.”

कंपनीचं पॅकिंग बंद होऊन दोन वर्षं झाली होती. अकरावीचं मी विचारलं नाही. समोरच्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

“ताई, लॅबमधल्या त्या जागेबद्दल एक सांगायचं राहून गेलं. साहेबांनी तेव्हा मला विचारलं होतं...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“थांबून उपयोग नाही म्हणालात ते. केबिनबाहेरच्या शिपायानं त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“म्हणजे पेढे दिलेत तेव्हा...”

“तेव्हा माहीत होतं की.” त्यांनी चहा बशीत ओतला. “पेपर बरा गेला नाही, हे मीच तुम्हाला सांगितलेलं. मलाही वाटत नव्हतं निघेन असं. राग आला होता, सर. आला नाही असं नाही. पण चार दिवसांनी गेला. गणित तर तुम्हीच शिकवलं होतं ना.”

मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी काहीतरी बोलणार होतो, तोच त्यांनी बशी खाली ठेवली.

“पण शिकवायचं का थांबवलंत?”

मी रिकामा कप बशीत फिरवत बसलो.

“मला वाटायचं, माझंच काही चुकलं. पाटी आणते हे बरं दिसत नसेल, अकरावीला वही पाहिजे. मग वही घेतली होती मी, दोनशे पानी. रोज पिशवीत असायची.”

“तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती,” मी म्हणालो. “ते बोललो होतो म्हणून.”

त्यांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्हाला लाज वाटली म्हणून माझी अकरावी राहिली.”

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मी कदाचित एव्हाना विसरलो असतो. त्यांना खरंच तेव्हा पहिल्यांदा कारण समजलं होतं, आणि समजलेलं त्या नीट मांडून बघत होत्या, इतकंच.

उठताना म्हणाल्या, “माझ्या बायका गणितात अडतात. मला येतं तेवढं सांगते. रविवारी याल?”

मी गेलो. पुढची दोन वर्षं बहुतेक रविवारी गेलो. विहाराच्या सभागृहात सतरंजी, एक फळा, आणि घरकाम, भाजीचा धंदा, शिवणकाम करणाऱ्या आठ-दहा बायका. मी शिकवायचो. ताई बाजूला बसून, कोण गप्प बसलंय ते बरोबर हेरायच्या. “सर, ही नुसती मान हलवतेय. हिला कळलेलं नाही.”

एकदा वर्ग सुटल्यावर मी म्हणालो, “ताई, आपण अकरावी काढू या आता. पुस्तकं मी आणतो.”

“आता कुठे, सर? साखरेनं डोळ्यांचे पडदे गेलेत. अक्षरं मधेच तुटतात. फळ्यावरचं तर दिसतच नाही मला, तुमच्या आवाजावरून समजून घेते.”

तरीही मी पुस्तक आणलं. म्हटलं, मी वाचतो, तुम्ही ऐका. तीन रविवार मी मोठ्यानं वाचलं. त्या डोळे मिटून ऐकायच्या, बोट तळहातावर चालायचं. तिसऱ्या रविवारी एक लांबलचक समीकरण तीनदा वाचून झाल्यावर त्यांनी हात मिटून घेतला.

“पुरे, सर. गणित कानानं होत नाही. पुढची ओळ लिहिताना मागची दिसावी लागते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे पुस्तक कुणा मुलीला देऊन टाका. नवं आहे अजून.”

मी ते कुणाला दिलं नाही. माझ्याकडेच आहे.

त्या वर्षी त्यांचे यजमान रिटायर झाले आणि दोघं गावी जायला निघाले. सामान थोडंच होतं, एका टेम्पोत मावलं. मी गेलो तेव्हा यजमान खाटेला दोरी बांधत होते. ताई दारात उभ्या होत्या. मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवून गेलो होतो, माफी वगैरे. त्यांनी मला संधीच दिली नाही.

“ती भाजीवाली आहे ना, फळ्याजवळ बसते ती, तिचे अपूर्णांक कच्चे आहेत. ती लाजते फार, विचारणार नाही. तुम्ही आपणहून घ्या.”

“घेतो.”

“आणि निघाली की कळवा मला.”

टेम्पो सुटला. यजमान ड्रायव्हरशेजारी बसले होते, ताई मागे सामानात, गादीच्या वळकटीवर, पाठ ताठ ठेवून. मी हात केला. तो त्यांना दिसला नसणार, कारण त्या दुसरीकडेच बघत होत्या.

भाजीवालीचे अपूर्णांक मी सहा रविवार घेतले. पुढच्या मार्चला ती बसली आणि जूनमध्ये निघाली, पहिल्याच खेपेत, गणितासकट. मी त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड लिहिलं. तिचे गुण लिहिले, पेढे वाटले हेही लिहिलं, आणि खाली जागा उरली होती तिथे लिहिलं, ताई, हे तुमचं आहे.

पंधरा-वीस दिवसांनी उत्तर आलं. अक्षर यजमानांचं होतं, मोठं आणि वेडंवाकडं.

“कार्ड मिळालं. आमची मंडळी मे महिन्यात वारली. साखर वाढली होती. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, माफ करा. मुलगी नाशिकला परत गेली, आता घरात मी एकटाच असतो. तरी कार्ड मोठ्यानं वाचलं. दोन वेळा वाचलं.”